पाण्याशी मांडलेला दावा

वैशाखाचे ऊन चटके देऊ लागले की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील वाड्यांतून आणि चाळींतून आइस्क्रीमचा पॉट भाड्याने आणण्याची जी प्रथा एकेकाळी सर्रास होती, ती घरोघर आलेल्या फ्रिजने जवळजवळ मोडीत काढली. परंतु फ्रिजने श्रम जेवढे वाचवले तेवढेच त्या पदार्थाचे मर्मही विस्मृतीत लोटले, असे माझे मत आहे. घरच्या आइस्क्रीमचा सारा कारभार हा पाण्याशी मांडलेला एक दावा असतो. दुधात पाणी आहे, फळात तर त्याहून अधिक आहे, आणि ते मोकळे राहिले तर गोठताना त्याचे मोठाले स्फटिक होऊन दाताखाली बर्फाची करकर येते. कारखानदार त्याचा बंदोबस्त निरनिराळ्या भुकट्यांनी करतो. गृहिणीपाशी मात्र आटवणे, शिजवणे आणि घुसळणे एवढीच साधने असतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती पुरेशी आहेत.

हा पदार्थ आपल्याकडे आला तो समुद्रमार्गे. अमेरिकेतील बोस्टनहून जहाजाने मुंबईत बर्फ येऊ लागला त्या काळात, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानासह पाहुण्यांनाही पडसे झाल्याचे वृत्त ‘मुंबई समाचार’ने परदेशी वस्तूच्या हव्यासाचे हे योग्य प्रायश्चित्तच होय अशा थाटात छापले. हाताने फिरवावयाच्या यंत्राचे पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतले, आणि आपला पॉट हा त्याच यंत्राचा वंशज.

त्याची रचना आजही पाहण्यासारखी आहे. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा उभा डबा, डब्यात लाकडी पाती, आणि वर दातेरी चक्रे व मूठ. डबा आणि बादली यांमधील पोकळीत फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ यांचे थर द्यावयाचे, वजनाने तीन भाग बर्फास एक भाग मीठ या मानाने. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडण्याचे काम मुलांकडे असे. मीठ तर भांडुप-मुलुंडकडील खाडीकाठच्या मिठागरांचे, म्हणजे घरचेच म्हणावयाचे. मिठाच्या संगतीने बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो डब्यातील दुधातून ओढून घेतो, आणि म्हणून नुसत्या बर्फाने जे कदापि साधले नसते ते शून्याखाली दहा अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली उतरणाऱ्या त्या खाऱ्या पाण्याने साधते. ते पाणी वाहून जाण्यासाठी बादलीच्या कुशीला एक भोक असते. ते बुजले, पाणी झाकणापर्यंत चढले आणि त्यातले पळीभर जरी डब्यात शिरले, तरी सगळी मेहनत खारट होते. प्रथम मूठ सहज फिरते, मग जड होते, शेवटी घरातील दणकट माणसालाही दोन्ही हात लावावे लागतात. सतत फिरणारी पाती स्फटिकांना वाढूच देत नाही, त्यांचा कण बारीकच ठेवते, आणि पॉटच्या आइस्क्रीमचा जो मुलायमपणा वाखाणला जातो तो यातून येतो.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा करण्याचा दंडक आहे. पॉटच्या बाहेरच्या थरासाठी तो खुशाल वापरावा. त्याचा खडा सरबतात मात्र पडू देऊ नये.

आता दूध. कायद्याने आइस्क्रीम म्हणवून घेण्यास किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. वनस्पती तेलाचा पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ या नावाने विकावा लागतो, आणि वेष्टनावरील ही बारीक अक्षरे वाचण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. म्हशीच्या दुधात साधारणतः ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा एक लिटर दूध मंद आचेवर, तळ ढवळत, दोन तृतीयांश होईतो आटवले की साय, भुकटी यांवाचूनच आपण त्या मर्यादेपाशी येऊन ठेपतो. कल्याणात दूधनाका नावाची वस्तीच असल्यामुळे तेथील जुन्या मंडळींना हे सांगावे लागू नये. याहून अधिक आटवण्याचा मोह टाळावा. दुधातील शर्करा पुढे कणीदार होते आणि आइस्क्रीमची बासुंदी होऊन बसते. साखर लिटरमागे शंभर ते सव्वाशे ग्रॅम पुरते. आरोग्याच्या नावाने ती सरसकट वर्ज्य करणारेही भेटतात, परंतु साखर गोडीबरोबर मऊपणाही देते, आणि तिच्यावाचून डब्यात दगड तयार होतो. मधुमेह्याने वाटी लहान घ्यावी, हे बरे.

फळांच्या बाबतीत एकच नियम सर्वांना लावता येत नाही. हापूसचा रस पूर्ण निवलेल्या दुधात तसाच मिसळावा. दूध कोमट असले तर फळाच्या आंबटपणाने ते फाटण्याचे भय असते. घोलवडचा चिकू पूर्ण पिकलेलाच हवा, नाहीतर त्याचा चीक घशाला लागतो. अननसात प्रथिने तोडणारे एक विकर असते, जे कच्च्या फोडी दुधात पडताच काम सुरू करते आणि काही वेळात मिश्रण कडवट करते. म्हणून अननस साखरेत शिजवून, थंड करूनच घालावा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही हीच वागणूक द्यावी, कारण शिजवल्याने तिचे पाणी उडते आणि फोडी काचेसारख्या गोठत नाहीत. सीताफळाचा न्याय याच्या नेमका उलट आहे. त्याला उष्णता लागली की गर कडू होतो. तेव्हा सासवडची सीताफळे बाजारात आली की बिया काढण्याचे किचकट काम हातानेच, न कंटाळता करावे, आणि गर थंड दुधात शेवटी कालवावा. मिक्सरमध्ये एखादी बी चिरडली गेली तर तो सबंध घाणा टाकून द्यावा.

पॉट न मिळाल्यास पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवून, कडा गोठू लागताच बाहेर काढून मिक्सरमध्ये फिरवावे आणि पुन्हा ठेवावे. असे दोनदा केले की पातीचे काम बऱ्याच अंशी होते. भुकट्या नसल्यामुळे हे आइस्क्रीम आठवडाभरातच संपवावे, आणि मधे वीज गेल्याने वितळलेले पुन्हा गोठवू नये.

बदलापूरचे जांभूळ तेवढे राहिले. दुधात त्याचा तुरटपणा फारसा जमत नाही, तेव्हा त्याचा गर साखर आणि चिमूटभर काळे मीठ घालून, दुधावाचूनच घुसळून गोठवावा. मात्र पाऊस सुरू झाला की जांभळे फुटतात, त्यांत अळ्याही पडू लागतात, म्हणून हा बेत मृग लागण्यापूर्वीच उरकावा.