अळूची खाज आणि चिंचेचा कोळ

साकीनाका म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती गोदामे, खैरानी रस्त्यावरील कारखान्यांचे गाळे आणि वाहनांची न संपणारी रांग. रानभाज्यांचा आणि या वस्तीचा काही संबंध असेल असे कुणाला वाटणार नाही. परंतु पावसाळा तोंडावर आला की एका बाजूला अंधेरी आणि दुसऱ्या बाजूला घाटकोपर स्थानकाबाहेर आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसू लागतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी यांच्या जुड्या आणि त्यांच्या आधी, अगदी पहिल्या सरींबरोबर येणारी शेवळे. शेवळांची जुडी घेतली की विक्रेती तिच्यासोबत काकडाची मूठभर हिरवी, आंबट फळे देते. गिऱ्हाईक नवखे दिसले तर बजावतेही, 'काकडाशिवाय करू नका, घसा धरेल.'

घरोघरी अळूच्या बाबतीत हेच सांगितले जाते. चिंच घाला, नीट शिजवा, चिरण्यापूर्वी हाताला तेल लावा. या सूचना आपण आजीकडून ऐकतो, पाळतो आणि सहसा त्यांचे कारण विचारत नाही. कुणी विचारलेच, तर 'चिंचेच्या आंबटपणाने खाजेचे स्फटिक विरघळतात' असे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर कितपत बरोबर आहे? विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या भाजीवर आकडेमोड करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते तपासता येते, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

खाजेचे कारण

अळू, सुरण आणि शेवळे ही तिन्ही एकाच, म्हणजे सुरणाच्या कुळातील. सुरण आणि शेवळे तर एकाच प्रजातीतील सख्खी भावंडे होत. या कुळातील वनस्पतींच्या काही पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. एकेका पेशीत अशा सुयांचा जुडगाच असतो. सुया इतक्या लहान की त्यांची लांबी बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. पान किंवा कंद चावला की पेशी फुटतात आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या या सुया जिभेच्या व घशाच्या नाजूक त्वचेत घुसतात.

पण नुसत्या टोचण्याने एवढी आग होईल का? १९९९ साली हवाईमधील संशोधकांनी अळूवर काम करताना दाखवले की सुयांसोबत असणाऱ्या एका प्रथिनाचा या खाजेशी संबंध आहे. २०१४ साली जपानमधील कोन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुबक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी किवी फळातील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया आणि प्रथिने तोडणारे एक विकर घेतले व ते एरी रेशीमकिड्यांच्या अळ्यांना पानावर लावून खायला दिले. नुसत्या सुयांचा किंवा नुसत्या विकराचा परिणाम फारसा झाला नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या मेल्या. सुयांऐवजी त्याच रसायनाची बिनटोकाची भुकटी विकरासोबत दिली, तेव्हा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे सुई भोक पाडते आणि त्या भोकातून विकर आत शिरते. डॉक्टरांच्या इंजेक्शनमध्येही सुई आणि औषध अशी दोन कामे वेगळी असतात, तसेच हे.

पान खाणाऱ्या किड्यापासून वनस्पतीने केलेली ही तजवीज आहे. आपण त्यात विनाकारण सापडतो.

चिंचेने सुया विरघळतात का?

आता थोडा हिशेब करू. कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळजवळ अद्राव्य आहे. एक लिटर पाण्यात साधारण ७ मिलिग्रॅम, आणि पाणी उकळते असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १४ मिलिग्रॅम. चिंच घातल्यावर पातेल्यातील पाण्याचा सामू ३.५ च्या आसपास आला असे धरू. आम्लामुळे ऑक्झॅलेटच्या काही आयनांना हायड्रोजन जोडला जातो आणि विद्राव्यता वाढते. ही वाढ सुमारे तिप्पट येते. म्हणजे उकळत्या चिंचेच्या पाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम.

अळूच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत एकूण ऑक्झॅलेट काहीशे मिलिग्रॅम असते. त्यातला बराच भाग आधीपासून द्राव्य स्वरूपात असतो. स्फटिकांच्या रूपातला भाग तेवढा धरला, तरी तो शंभर मिलिग्रॅमच्या घरात जातो. पाव किलो पानांचे फदफदे करायचे तर लिटरभर पाण्यात अडीचशे मिलिग्रॅम स्फटिक विरघळावे लागतील, आणि विरघळू शकतात चाळीस. म्हणजे बहुतेक सुया भाजीत जशाच्या तशा राहतात.

ही गोष्ट नुसत्या हिशेबावर सोडण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्फटिक ओळखण्याची जुनी कसोटी हेच सांगते. कॅल्शियम ऑक्झॅलेट हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे न येता विरघळते, पण व्हिनेगरमध्ये असलेल्या ॲसेटिक आम्लात विरघळत नाही. स्वयंपाकघरातली आम्ले या कामाला पुरी पडत नाहीत.

मग खाज जाते कशाने? मुख्यतः उष्णतेने. प्रथिनाची घडी उष्णतेने विसकटते आणि विकराचे काम थांबते. सुई राहते, तिच्यासोबतचे औषध निकामी होते. शिजताना पेशी फुटून काही सुया पाण्यात उतरतात, आणि पाणी टाकून दिले तर त्याबरोबर जातात. आंबटाचे काम या उष्णतेला मदत करण्याचे आहे, कारण आम्लात बहुतेक प्रथिने कमी उष्णतेलाही विसकटतात.

याला दूरदेशीचा एक पुरावा आहे. प्रशांत महासागरातील सामोआ आणि हवाई बेटांवर अळूची पाने हे रोजचे अन्न आहे. तेथे ती नारळाच्या दुधात किंवा मांसाभोवती गुंडाळून शिजवतात आणि चिंच, कोकम असे काही घालत नाहीत. मात्र ती बराच वेळ शिजवतात. आंबट नसले तर चालते, कच्चे राहिले तर चालत नाही.

एका पानाची चार स्वयंपाकघरे

साकीनाक्यासारख्या वस्तीत हा विषय वर्गात आणणे सोपे आहे, कारण तेथे देशाच्या अनेक भागांतली कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. मराठी घरात अळूवडी होते. गुजराती घरात पातरा, कोकणी आणि तुळू घरांत पत्रोडे आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या घरात रिकवच. डाळीचे पीठ कुठे हरभऱ्याचे, कुठे उडदाचे, तर कुठे त्याऐवजी तांदूळ. आंबटाला कुठे चिंच, कुठे आमचूर. पण दोन गोष्टी सगळीकडे सारख्या आहेत: काहीतरी आंबट आणि तळण्या-परतण्यापूर्वी पूर्ण वाफवणे. प्रत्येक समाजाने पदार्थ आपल्या चवीने घडवला, तरी ज्या पायऱ्यांवाचून घसा धरतो त्या कुणी गाळल्या नाहीत.

शेवळाची कृती तर अधिक काटेकोर. बाहेरचे तपकिरी-जांभळे आवरण उलगडून आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकतात, कारण तो सर्वांत खाजरा. मग बारीक चिरून, काकडाच्या रसात किंवा चिंचेच्या पाण्यात शिजवून, वालाबरोबर किंवा कोळंबीबरोबर भाजी करतात. कोणता भाग टाकायचा, कोणत्या अवस्थेत खुडायचे, किती शिजवायचे, ही सारी माहिती भाजीबरोबरच टोपलीतून येते. काकडाची मूठभर फळे ही त्या माहितीची खूण आहे.

खाज वेगळी, खडा वेगळा

येथे एक घोटाळा होतो तो दूर केला पाहिजे. 'चिंच घातली, आता मूतखड्याची भीती नाही' असे पुष्कळदा ऐकू येते. मूतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात हे खरे, पण तेथे प्रश्न सुयांचा नसून द्राव्य ऑक्झॅलेटचा आहे. अद्राव्य सुया बहुतांशी आतड्यातून तशाच बाहेर पडतात. द्राव्य ऑक्झॅलेट रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात जाऊन तेथील कॅल्शियमशी जुळते. अळूच्या भाजीत काही घरी आंबट चुका घालतात. चुक्याचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचाच असल्याने भाजी चवदार होते, पण द्राव्य ऑक्झॅलेट वाढते.

ते कमी करण्याचे दोन उपाय. पाने उकळून पाणी ओतून टाकणे हा एक. त्यात काही जीवनसत्त्वेही जातात, हे लक्षात ठेवावे. दुसरा उपाय अधिक रुचकर आहे: भाजी ताकात करणे किंवा जेवणात दही-दूध घेणे. त्यातले कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला बांधून टाकते आणि ते शोषले जात नाही. ताकातल्या पालेभाज्यांची आपली पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे. ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांना विचारावे.

शिजवूनही न जाणारे

साकीनाक्याजवळून मिठी नदी वाहते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी येथवर येता येता कारखाने आणि वस्त्यांचे सांडपाणी घेऊन काळी होते. तिच्या काठी आणि नाल्यांच्या कडेला अळू माजतो. मोठमोठी, टवटवीत, फुकटची पाने. ती कुणीही खाऊ नयेत.

कारण सोपे आहे. विकर हे प्रथिन आहे आणि ते उष्णतेने निकामी होते. जंतू उकळून मरतात. पण शिसे आणि कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. उकळा, वाफवा, चिंच घाला, मूलद्रव्य नष्ट होत नाही. पानावर बसलेली धूळ धुतली जाते, मुळांवाटे पानात आलेले कॅडमियम धुतले जात नाही. पारंपरिक कृती स्वच्छ मातीतल्या भाजीसाठी घडली. नाल्याचे पाणी तिने पाहिलेले नाही. परंपरेचा आदर करताना तिची ही मर्यादा मुलांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

दुसरी सूचना ओळखीबद्दल. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात 'बोरिव्हिलिॲनम' हा शब्द आहे तो आपल्या बोरिवलीवरून. तिची कोवळी पाने फोडशी म्हणून खातात. पण पावसाबरोबर कळलावीचेही कोंब वर येतात, आणि तिच्यात कोल्चिसिन हे जहाल विष असते. म्हणून पुस्तकातील चित्र पाहून मुलांनी रानभाजी खुडू नये. ओळखणाऱ्या विक्रेतीकडून घ्यावी.

महोत्सवात काय विचारावे

राज्याच्या कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवण्यास सुरुवात केली. अशा ठिकाणी मुलांना जरूर न्यावे आणि मनसोक्त खाऊ द्यावे. पण ताट संपवून परत येऊ नये. प्रत्येक पदार्थापाशी पाच प्रश्न विचारून वहीत उतरवावेत: भाजीचे स्थानिक नाव काय? कोणता भाग खातात? कोणत्या महिन्यात, किती कोवळा असताना? उकळलेले पाणी टाकतात की ठेवतात? सोबत काय घालतात, आणि ते न घातल्यास काय होते? पाचव्या प्रश्नाच्या उत्तरांत पुष्कळ विज्ञान सापडते.

शाळेतही असा एखादा दिवस ठेवता येईल. मुलांनी घरची एकेक भाजी आणावी आणि सोबत तिची कृती सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून आणावी. मग प्रत्येक पायरीपुढे 'का?' असे लिहून तिची चर्चा करावी.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग

१. विश्वासू दुकानातून आणलेल्या अळूच्या कच्च्या देठाचा पातळ काप हातमोजे घालून काढावा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सुया दिसल्यावर चिंचेत पूर्ण शिजवलेल्या देठाचा काप तसाच पाहावा. सुया अजून आहेत का ते मुलांनाच शोधू द्यावे. नंतर कच्च्या कापावर व्हिनेगरचा आणि दुसऱ्या कापावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब शिक्षकांनी घालून फरक दाखवावा. कोणताही कच्चा तुकडा तोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

२. पालक उकळून पाणी गाळून घ्यावे व पातळ करावे. त्यात चुन्याची स्वच्छ निवळी घातली की पांढुरका गढूळपणा येतो. त्यावर थोडे व्हिनेगर घालावे. कार्बोनेट असते तर विरघळून गेले असते. जो गाळ तसाच राहतो तो मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेट. ताकातल्या भाजीत घडते ते हेच.

शेवळे आणि काकड एकत्र विकणाऱ्या बाईला कॅल्शियम ऑक्झॅलेट हे नाव माहीत नसेल. पण कोणत्या भाजीला काय लागते आणि ते न दिल्यास कुणाचा घसा धरतो, हे तिला नेमके माहीत असते. तिच्या टोपलीतून पुढे फक्त पाने विकली गेली आणि कृती मागे राहिली, तर पुढच्या पिढीला अळू 'विषारी' वाटू लागेल आणि नाल्याकाठचा पाला 'नैसर्गिक'. हे टाळायचे असेल, तर या पावसाळ्यात भाजी घेताना भावाबरोबर कृतीही विचारावी आणि ती वर्गाच्या वहीत नोंदवून ठेवावी.