रश्शाला कोंबडा बरा की कोंबडी?



घरात कुणी तापातून उठलं, की कोंबडीचं अळणी पाणी करायचं ठरतं आणि तिथंच वाद सुरू होतो. एक म्हणतं, कोंबडाच हवा, त्यात ताकद असते. दुसरं म्हणतं, कोंबडीचाच रस्सा गोड लागतो. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण नर-मादीपेक्षा पक्ष्याचं वय महत्त्वाचं, हे आधी ध्यानात घ्या.

बाजारातला ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत कापला जातो. तेव्हा तो वयातच आलेला नसतो, त्यामुळे नर काय नि मादी काय, रश्शाच्या चवीत फारसा फरक कळत नाही. फरक पडतो तो गावठी पक्षी वयात आल्यावर. तलंग अंड्यावर आली, की तिच्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी साठू लागते. वास धरून ठेवते ती चरबीच. म्हणून कोंबडीचा रस्सा वासाला भरदार आणि तोंडाला मऊ लागतो, वर पिवळा तवंग येतो. हा पिवळेपणा मका आणि हिरव्या पाल्यातून येतो, अंड्याच्या बलकाचा रंगही तिथलाच. त्यावरून ताकद मोजू नये.

कोंबड्यात चरबी कमी, हाडं जाड, पाय नि तुरा मोठा. पाय, कातडी, सांधे, तुरा यांत कोलॅजन असतं. ते शिजून त्याचं जिलेटिन होतं, आणि रस्सा गार झाला की थिजतो. पक्षी जून झाला, की कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट जखडले जातात, मग नर असो वा मादी, अर्ध्या तासात काही होत नाही. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवावं, कुकर असेल तर पाऊण तास. जून कोंबड्याचा रस्सा चवीला जरा उग्र होतो. काहींना तोच आवडतो!

आता ताकदीचं बघू. गाळलेल्या पाण्याच्या एका वाटीत प्रथिनं थोडीच उतरतात, आणि त्यातलं बरंचसं जिलेटिन असतं. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नसतं, म्हणून एकट्या त्याच्यावर अंग भरत नाही. हाडांतला चुनाही नुसत्या उकळण्यानं फारसा सुटत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या लांब हाडांत कवचासाठी चुन्याचा खास साठा असतो हे खरं, पण तो हाडातच राहतो. खरी प्रथिनं नि लोह मांसात. आणि आपल्याकडे काय होतं? बाळंतिणीला, आजाऱ्याला वाटीभर पाणी, आणि फोडी बाकीच्यांच्या ताटात! गरम पाण्यानं घसा मोकळा होतो, अंगात पाणी जातं, तोंडाला चव येते, ते द्यावंच. पण पचायला लागलं, की मऊ शिजलेलं मांस बारीक कुस्करून त्याच वाटीत घालावं. निदान एक अंडं तरी द्यावं.

मग कापायचं कुणाला? आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. जास्तीचे नर दाणा खातात नि भांडतात, आधी त्यांचा नंबर. 'कोंबडीचाच रस्सा हवा' म्हणून अंड्यावरची तलंग कापणं म्हणजे घरातली पुढची अंडी एका जेवणात संपवणं. खुडूक कोंबडीही घाईनं कापू नये, तिच्याखाली अंडी ठेवून पिल्लं काढता येतात. अंडी थांबलेली म्हातारी कोंबडी, किंवा लेअर फार्मवरची साधारण दीड वर्षांची काढून टाकलेली कोंबडी रश्शाला उत्तम. ती स्वस्तही मिळते. मात्र वेळ देऊन शिजवा.

मलूल पडलेला पक्षी 'मरण्याआधी कापू' म्हणून हंडीत घालू नये. औषध चालू असेल, तर पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत थांबावं. उरलेला रस्सा रात्रभर चुलीवर तसाच ठेवू नये, गार जागी ठेवून सकाळी खळखळून उकळूनच द्यावा.