रुग्णालय जहाज आणि सैनिकी वाद्यवादक : शुश्रूषेतील संगीताच्या स्थानाचा एक विचार

प्रस्तावना

युद्ध आणि संगीत यांचे नाते प्राचीन आहे. रणशिंग, नौबत, ताशा यांच्या घोषाने सैन्याला स्फुरण चढते, ही कल्पना मराठी मनाला परिचित आहे. परंतु सैन्यातील वाद्यवादकाचे कार्य केवळ चढाईच्या प्रसंगी स्फुरण देण्यापुरते मर्यादित नाही. लढाई संपल्यावर, जखमी सैनिक खाटेवर पडलेला असताना, तोच वादक त्याच्या उशाशी उभा राहतो; कधी वाद्य घेऊन, तर कधी स्ट्रेचरची एक बाजू खांद्यावर घेऊन. या दुसऱ्या भूमिकेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. समुद्रावरील रुग्णालय जहाज हे या भूमिकेचे सर्वांत स्पष्ट दर्शन घडविणारे स्थळ होय. प्रस्तुत लेखात रुग्णालय जहाजाची संकल्पना, त्यावरील वाद्यवादकांचे दुहेरी कार्य, मुंबई बंदराचा या इतिहासाशी असलेला संबंध आणि रुग्णांसमोर होणाऱ्या वादनाच्या मर्यादा यांचे विवेचन करण्यात आले आहे.

रुग्णालय जहाज : स्वरूप व कायदेशीर स्थान

जखमी व आजारी सैनिकांवर उपचार करणे आणि त्यांना सुरक्षित स्थळी पोहोचविणे एवढ्याच हेतूने वापरले जाणारे जहाज म्हणजे रुग्णालय जहाज. अशा जहाजांना संरक्षण देणारे नियम १८९९ व १९०७ च्या हेग परिषदांत तयार झाले. पुढे १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराने ते अधिक तपशिलाने मांडले. त्यानुसार जहाजाचा बाह्य भाग पांढरा असावा, त्यावर गडद लाल रंगाचे मोठे क्रूस रंगविलेले असावेत आणि जहाजाचे नाव व वर्णन वापरापूर्वी दहा दिवस अगोदर युद्धातील सर्व पक्षांना कळवावे, अशी तरतूद आहे. अशा जहाजाला गुप्त सांकेतिक भाषेत संदेश पाठविता येत नाहीत. त्यावर येणाऱ्या जखमींवर राष्ट्रीयत्वाचा भेद न करता उपचार करणे बंधनकारक असते. याच्या मोबदल्यात जहाज, त्यावरील वैद्यकीय कर्मचारी व खलाशी यांच्यावर हल्ला करता येत नाही.

हे संरक्षण कागदावर जितके भक्कम आहे तितके प्रत्यक्षात नेहमीच राहिले नाही. २७ जून १९१८ रोजी 'लँडोव्हरी कॅसल' हे रुग्णालय जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. १४ मे १९४३ रोजी ऑस्ट्रेलियाचे 'सेंटॉर' जपानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या 'वीटा' या जहाजावर १९४१ मध्ये तोब्रुकजवळ बॉम्बहल्ला झाला. तात्पर्य, रुग्णालय जहाजावरील रुग्ण शरीराने जखमी असतो आणि मनाने भयग्रस्तही असतो. त्याच्या सभोवती समुद्र असतो, घर दूर असते आणि पुढील क्षणाची शाश्वती नसते. तेथील संगीताचा विचार या मनःस्थितीच्या संदर्भातच केला पाहिजे.

वादक आणि डोलीवाला

पायदळाच्या पलटणीतील बँडचे जवान शांततेच्या काळात कवायत, समारंभ व मेजवानीच्या प्रसंगी वादन करतात. युद्धकाळात मात्र त्यांची वाद्ये बाजूला ठेवली जातात आणि त्यांना जखमींना उचलून आणण्याचे काम दिले जाते. ही पद्धत ब्रिटिश सैन्यात रूढ झाली व भारतीय सैन्यानेही ती स्वीकारली. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात अशा 'साहाय्यक' सैनिकांची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. ज्यांना शुश्रूषेचे किंवा स्ट्रेचर वाहण्याचे खास शिक्षण दिलेले आहे, त्यांना ते काम करीत असताना संरक्षण मिळते व त्या वेळी त्यांनी लहान चिन्हाची पांढरी दंडपट्टी बांधावयाची असते.

या व्यवस्थेमागील कारण व्यावहारिक आहे. वादक हे पलटणीतील शिस्तबद्ध, एकत्र हालचाल करण्याची सवय असलेले पथक असते. चार माणसांनी एका तालात पाऊल टाकले तरच स्ट्रेचरवरील जखमीला हिसके बसत नाहीत. बँडमधील जवानाला पावलांचा ताल शिकवावा लागत नाही. शिवाय लढाई पेटल्यावर वादनाचे काम थांबते, त्यामुळे हे मनुष्यबळ आपोआप मोकळे होते.

मुंबई बंदर, मेसोपोटेमिया व 'लॉयल्टी'

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा मुख्य आधार मुंबई बंदर हा होता. त्या मोहिमेतील सहाव्या अर्थात पूना डिव्हिजनमध्ये १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री पलटणी आणि ११७ वी मराठा पलटण होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना नदीमार्गे बसऱ्यास आणताना त्यांची जी दैना झाली, ती बसऱ्यातील 'वरेला' या रुग्णालय जहाजावरील मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने निर्भीडपणे उघड केली. नदीतील बोटींवर जखमी उघड्या डेकवर, पुरेशा मलमपट्टीविना, स्वतःच्याच मलमूत्रात दिवसेंदिवस पडून होते. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने या अव्यवस्थेवर कठोर टीका केली.

या घटनेचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध आहे. रुग्णालयातील संगीताचा गौरव करताना हे विसरता कामा नये, की स्वच्छ खाट, पाणी, औषध व वेळेवर मिळणारा डॉक्टर यांच्या नंतरच संगीताचा क्रम लागतो. जेथे या गोष्टी नाहीत तेथे वादन ही क्रूर थट्टा ठरेल.

याच काळात मुंबईहून जखमींची ने-आण करणाऱ्या जहाजांत 'लॉयल्टी' हे महत्त्वाचे नाव आहे. १८९१ मध्ये बांधलेले 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे प्रवासी जहाज ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ मध्ये विकत घेतले. इतर संस्थानिकांच्या साहाय्याने त्याचे रुग्णालय जहाजात रूपांतर झाले व त्यास 'लॉयल्टी' हे नाव मिळाले. युद्धानंतर १९१९ मध्ये ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने घेतले. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ज्या जहाजाने भारतीय नौकानयनाचा नवा अध्याय सुरू केला, ते त्यापूर्वी जखमी जवानांचे रुग्णालय होते, ही बाब सागरी दिनाच्या निमित्तानेही क्वचितच सांगितली जाते.

मुंबईत उतरलेल्या जखमींसाठी शहरातील अनेक इमारती रुग्णालये बनल्या. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी वास्तू संग्रहालय म्हणून खुली होण्यापूर्वी लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली होती.

'युगांडा' : एक लक्षणीय उदाहरण

वाद्यवादक व रुग्णालय जहाज यांच्या संबंधाचे सर्वांत ठळक आधुनिक उदाहरण १९८२ च्या फॉकलंड युद्धातील आहे. शालेय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सफरींसाठी वापरल्या जाणाऱ्या 'युगांडा' या जहाजाचे अल्पावधीत रुग्णालय जहाजात रूपांतर करण्यात आले. त्यावर रॉयल मरीन्सच्या एका बँडचे वादक नेमले होते. हेलिकॉप्टरमधून आलेल्या जखमींना उतरविणे, वॉर्डात नेणे, परिचारिकांना मदत करणे ही त्यांची मुख्य कामे होती. त्यातून मिळणाऱ्या वेळात ते रुग्णांसाठी वादन करीत. या जहाजावर सातशेहून अधिक जखमींवर उपचार झाले आणि त्यांत सुमारे दीडशे अर्जेंटिनाचे, म्हणजे शत्रुपक्षाचे, सैनिक होते.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रुग्णाला उचलून आणणारा व त्याच्यासमोर वाजविणारा माणूस एकच असल्याने वादनाला परकेपणा राहत नाही. दुसरी, ज्या वॉर्डात दोन्ही बाजूंचे जखमी आहेत तेथे विजयगीत वाजविता येत नाही. रुग्णालय जहाज ज्या निःपक्षपातीपणावर उभे असते, तोच निःपक्षपातीपणा वादकाच्या निवडीतही उतरावा लागतो.

पुढे १९९१ च्या आखाती युद्धात 'आर्गस' या ब्रिटिश जहाजावरही मरीन्सचे वादक वैद्यकीय साहाय्यक म्हणून होते. मात्र 'आर्गस' सशस्त्र असल्याने ते जिनिव्हा कराराच्या अर्थाने रुग्णालय जहाज ठरत नाही. उपचार तेच, वादकही तेच. परंतु कायदेशीर कवच वेगळे, हा भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

शांतताकाळातील मोहिमा

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारतीय नौदलाने 'निरूपक' या सर्वेक्षण जहाजाचे रुग्णालय जहाजात रूपांतर करून ते इंडोनेशियाच्या मदतीस पाठविले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'संधायक' या सर्वेक्षण जहाजालाही गरजेप्रमाणे ही भूमिका घेता येते. अमेरिकेची 'मर्सी' व 'कम्फर्ट' ही प्रत्येकी हजार खाटांची जहाजे आपत्ती व आरोग्य मोहिमांवर जातात. या मोहिमांत नौदलाच्या बँडची छोटी पथके सहभागी होऊन रुग्ण व स्थानिक लोकांसमोर वादन करतात.

भारतात याच्याशी साधर्म्य असलेला प्रसंग ३ मे २०२० रोजी घडला. कोरोनाच्या साथीत देशभरातील रुग्णालयांबाहेर सैनिकी बँडनी वादन केले आणि मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयासह काही रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी झाली. हा सन्मान प्रामुख्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा होता. त्यावर कौतुकाबरोबर टीकाही झाली. कर्मचाऱ्यांना पुष्पांपेक्षा संरक्षक साधने हवीत, असे मत अनेकांनी मांडले. मेसोपोटेमियाच्या उदाहरणातून निघणारा क्रम येथेही लागू पडतो.

उपयोग व मर्यादा

संगीताने वेदना नाहीशा होतात असे म्हणणे अतिशयोक्त होय. मात्र २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, सत्तरांहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात शस्त्रक्रियेच्या रुग्णांची वेदना व अस्वस्थता संगीतश्रवणाने कमी होते, असे आढळले. अर्थात हा परिणाम उपचारास पूरक असतो, पर्यायी नसतो.

जहाजावरील वादनास काही विशेष बंधने असतात. पोलादी भिंतींच्या बंदिस्त वॉर्डात पितळी वाद्यांचा आवाज असह्य होऊ शकतो. म्हणून पूर्ण बँडऐवजी तीन-चार वादकांचा लहान संच अधिक योग्य ठरतो. स्फोटाने जखमी झालेल्या सैनिकाला नगाऱ्याचा अचानक आघात त्रासदायक होऊ शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाटेवरील रुग्ण उठून जाऊ शकत नाही. सभागृहातील श्रोत्याला असलेले हे स्वातंत्र्य त्याला नसते. म्हणून त्याची संमती विचारणे व नको असल्यास थांबणे, हा या वादनाचा पहिला नियम मानला पाहिजे. वादन रुग्णासाठी आहे की छायाचित्रासाठी, या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते.

मराठवाड्याच्या संदर्भात

सेनगावसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्यास हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हिंगोली हे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे होते. गावोगावी लग्नाच्या वरातीत वाजणारा बँड, त्यातील क्लॅरिनेट, ट्रंपेट व झुलीचे गणवेश हे सैनिकी बँडचेच वंशज आहेत. या परिसरात वाजविणारे हात आहेत. त्यांना प्रतिष्ठा मात्र नाही. नौदलात वादकांसाठी स्वतंत्र भरती होते आणि भूदलाचे संगीत प्रशिक्षण केंद्र पचमढी येथे आहे. सैन्यभरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या ग्रामीण तरुणांपैकी फार थोड्यांना हा मार्ग ठाऊक असतो. महाविद्यालयांच्या मार्गदर्शन कक्षांनी याची माहिती देणे उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

१. रुग्णालय जहाजावरील सैनिकी वादक हा मनोरंजनकार व शुश्रूषा-साहाय्यक अशा दुहेरी भूमिकेत असतो. त्यांतील दुसरी भूमिका पहिलीला अर्थ देते.

२. वादन हे मूलभूत उपचारांची जागा घेऊ शकत नाही. ते उपचारानंतरच्या क्रमात येते.

३. रुग्णाची संमती, आवाजाची मर्यादा व पक्षनिरपेक्ष निवड या तीन अटी पाळल्या तरच असे वादन शुश्रूषेचा भाग ठरते.

४. 'लॉयल्टी' जहाजाच्या व मेसोपोटेमियातून मुंबईत आलेल्या जखमी मराठा जवानांच्या इतिहासाचा शुश्रूषेच्या अंगाने अभ्यास होणे आवश्यक आहे. रणांगणावरील पराक्रमाच्या नोंदी विपुल आहेत. परतीच्या प्रवासाच्या नोंदींकडेही तितक्याच आस्थेने पाहिले जावे.