जिजाऊंच्या नावाची बाग आणि ज्ञानगंगेचे अरण्य

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात, आणि त्यांचे नाव धारण करणारे महाराष्ट्रातील सर्वपरिचित प्राणिसंग्रहालय मुंबईच्या भायखळ्यात, हा योग बुलढाणेकरांनी अभिमानाने स्मरावा असाच आहे. १८६२ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावाने खुले झालेले, आणि म्हणून लोकांच्या तोंडी आजही ‘राणीची बाग’ म्हणूनच असलेले हे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणजे मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना हत्ती, वाघ आणि पाणघोडा यांचे प्रथमदर्शन घडविणारी जागा होय. बुलढाणा जिल्ह्याला स्वतःचे प्राणिसंग्रहालय नाही. परंतु ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार अशी तीन अभयारण्ये ज्याच्या पदरी आहेत, त्या जिल्ह्याने शहरातील प्राणिसंग्रहालयाचे खरे प्रयोजन कोणते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

एके काळी हे प्रयोजन मुख्यत्वे करमणुकीचे होते. राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांतून आणि नंतर सार्वजनिक उद्यानांतून जनावरे ठेवली गेली ती पाहणाऱ्यांच्या कुतूहलासाठी. त्या जनावरांच्या स्वभावाची, भुकेची वा एकटेपणाची दखल घेणारा कायदा नव्हता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ साली त्यात प्राणिसंग्रहालयांविषयी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. या प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून आता कोणतेही प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही, आणि तेथील प्राण्याला डिवचणे, इजा करणे, इतकेच नव्हे तर प्रेक्षकाने परस्पर खाऊ घालणे हेही कायद्याने निषिद्ध ठरले आहे.

या नव्या व्यवस्थेत प्राणिसंग्रहालयाचे पहिले कर्तव्य वंशरक्षणाचे. पिंजऱ्यातील मोजक्या जनावरांत जवळच्या नात्यात संतती होऊ लागली की वंश दुबळा होतो. म्हणून वंशावळींची दप्तरे ठेवून निरनिराळ्या संग्रहालयांत प्राण्यांची देवघेव केली जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून ‘शक्ती’ आणि ‘करिश्मा’ ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली ती अशाच देवघेवीतून. अरबस्तानातील ओरिक्स हे हरीण १९७२ साली मुक्त निसर्गातून नाहीसे झाले असता, अमेरिकेतील फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात व अन्यत्र जतन केलेल्या कळपांच्या वंशजांना १९८२ साली ओमानच्या वाळवंटात पुन्हा मोकळे सोडता आले.

आपल्या विदर्भाला याहून निकटचा दाखला गिधाडांचा आहे. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि ज्यांच्या झुंडी गावोगावच्या ढोरफोडीवर उतरत, ते पक्षी पाहता पाहता दिसेनासे झाले. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढविलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. बंदिवासात वंश वाचविता येतो. परंतु बाहेरचे विष आधी दूर झाल्याशिवाय त्या वाचविण्याला अर्थ येत नाही.

दुसरे कर्तव्य शिक्षणाचे, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे. ज्ञानगंगेचे अरण्य अस्वलांसाठी प्रसिद्ध. पण रानात अस्वल नीट निरखण्याची संधी कोणाला मिळावी? प्राणिसंग्रहालयात मात्र ते शांतपणे पाहता येते: लांबलेला, सैल खालचा ओठ, पुढे आलेली वाकडी नखे, वरच्या जबड्यात पुढल्या दोन दातांच्या जागी असलेली फट. वारूळ उकरावे, फुंकर घालून माती उडवावी, नाकपुड्या मिटून घ्याव्यात आणि त्या फटीतून वाळवी शोषून घ्यावी, यासाठीच ही सारी रचना आहे. बोरे, टेंभुर्णीची फळे, मोहफुले यांवर जगणारे हे जनावर आपल्या विष्ठेतून रानभर बिया पेरीत जाते. त्याची दृष्टी मंद, श्रवणही फारसे तीक्ष्ण नाही. त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही आणि दचकून ते अंगावर येते. एवढी गोष्ट पक्की ठाऊक असलेला, जागलीला निघालेला शेतकरी अंधारात बोलत-खाकरत, काठी आपटीत चालेल, आणि त्यात दोघांचाही जीव वाचेल.

मात्र प्राणिसंग्रहालयाला मर्यादाही आहेत. शक्ती आणि करिश्मा वाहनातून मुंबईस पोचले त्याच सुमारास ज्ञानगंगेत एक वाघ वावरत होता, आणि तो आला होता स्वतःच्या पायांनी. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, ‘टी-१ सी-१’ अशी नोंद असलेला, ‘वॉकर’ या नावाने गाजलेला हा तरुण नर रेडिओ पट्टा गळ्यात घेऊन २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी निघाला आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगणाची शेते, नाले, रस्ते ओलांडीत, दिवसा दडून रात्री चालत, तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट तुडवून डिसेंबरात येथे स्थिरावला. सुमारे २०५ चौरस किलोमीटरांच्या या अरण्यात त्याला भक्ष्य मिळाले, पाणी मिळाले. मिळाली नाही ती वाघीण. असा वाघ कोणत्याही पिंजऱ्यात घडविता येत नाही, आणि त्याने जोडलेली रानांची साखळी कोणत्याही भिंतीआड जपता येत नाही.

माणसाशी संघर्षात सापडलेल्या, पोरक्या झालेल्या वा जखमी जनावरांना नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात आश्रय मिळतो, ही मोठीच सोय. तरीही तेथे जाण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याचे रान त्याला अंतरलेलेच असते. म्हणून प्राणिसंग्रहालयाची परीक्षा तिकिटांच्या विक्रीवर न होता, तेथून परतलेला माणूस आपल्या गावाच्या शिवारात कसा वागतो यावर व्हावी. बुलढाण्याच्या शाळांनी सहलीला राणीची बाग अवश्य दाखवावी, पण त्याच वर्षी त्याच मुलांना वनरक्षकाच्या सोबतीने ज्ञानगंगेतील बोथ्याच्या जंगलातही न्यावे. अस्वलाने फोडलेले वारूळ दाखवावे. आणि रानालगतच्या ज्या विहिरींना कठडे नाहीत, ज्यांत बिबटे पडतात, त्यांची यादी मुलांकडूनच करवून ग्रामपंचायतीच्या हवाली करावी. ते कठडे बांधून होतील, तेव्हा त्या सहलीचे शिक्षण पूर्ण झाले असे समजावे.