उतरण्यापूर्वीचा हिशेब

आपल्या भिवंडीच्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कामगार धागा जोडतो आणि माग पुन्हा चालू होतो. विमानाला ही सोय नाही. बिघाड झाला तरी त्याला उडत राहावेच लागते. अशा वेळी वैमानिक काय करतात, हे आम्ही फ्लॅपच्या बिघाडावरून सांगू.

पंखाच्या मागल्या कडेला ज्या सरकत्या फळ्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. उतरताना त्या मागे व खाली सरकतात. त्यामुळे पंखाचा विस्तार आणि बाक वाढतो, व वेग कमी झाला तरी विमान हवेत तोलून राहते. एका बाजूचा फ्लॅप बाहेर आला व दुसऱ्या बाजूचा अडकला, तर विमान कलंडू लागेल. म्हणून असा फरक आढळताच यंत्रणा दोन्ही बाजूंचे फ्लॅप आहेत तेथेच जखडते.

आता प्रश्न उरतो वेगाचा. मध्यम आकाराचे जेट विमान एरवी ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने टेकते. फ्लॅप मुळीच नसतील तर हा आकडा 300 च्या पुढे जातो. वेग सव्वापट झाला की ब्रेकांनी जिरवावयाची शक्ती दीडपटीहून अधिक होते. अर्थात धावपट्टीही लांब लागते.

म्हणून वैमानिक घाई करीत नाहीत. उतरणे सोडून ते पुन्हा वर जातात. एक जण विमान सांभाळतो. दुसरा पुस्तिकेतील यादी मोठ्याने वाचतो. वजन, वारा, ओली वा कोरडी धावपट्टी, शिल्लक इंधन, सर्वांचा हिशेब होतो. नियंत्रण कक्षाला आणि केबिनमधील सहकाऱ्यांना कळविले जाते. खाली अग्निशामक बंब सज्ज राहतात.

11 ऑक्टोबर 2024 रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. चाके व फ्लॅप हलविण्याचे काम हीच यंत्रणा करते. वैमानिकांनी दोन तासांहून अधिक घिरट्या घालून इंधन जाळले, वजन घटविले आणि विमान सुखरूप उतरविले.

याच्या उलट कोझिकोडे. 7 ऑगस्ट 2020 रोजी तेथे फ्लॅपचा नव्हे, तर पावसात काच पुसणाऱ्या वायपरचा बिघाड होता. विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती; ती मानली गेली नाही. 21 माणसे गेली. दोघांमधील अधिकाराच्या अंतरावर चौकशी अहवालाने बोट ठेवले. तेथे कॅप्टनांची संख्या पुरेशी नव्हती, हेही त्यात नमूद आहे.

आम्हां कामगार चळवळीतील माणसांना यात मोलाची गोष्ट दिसते. यादी कितीही चांगली असली, तरी धाकट्याचा ‘थांबा’ थोरल्याने ऐकला पाहिजे आणि पाळीवर पुरेशी माणसे असली पाहिजेत. कांडी भरणाऱ्या पोराने मागाखाली ठिणगी पाहिली, तर मुकादमाची भीती न बाळगता त्याला ओरडता यावे, इतका त्याचा अधिकार प्रत्येक कारखान्यात मान्य झाला पाहिजे.