अडीच सूत मोठं की तीन सूत? अपूर्णांक आणि संख्यारेषा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मारलेली थोडी पाल्हाळ कापली आहे, बाकी तसंच आहे.

प्रश्न साधा आहे. ३/८ मोठा की ५/१६?

माझ्या सहावीतल्या भाचीने ५/१६ वर बोट ठेवलं. का, म्हटलं, तर म्हणाली, "मामा, पाच तिनापेक्षा मोठे, सोळा आठापेक्षा मोठे. मग तोच मोठा ना?" आता तिच्या बाजूने बघा. पहिलीपासून तिला आपण हेच शिकवलं की आकडा मोठा तर संख्या मोठी. अचानक एक दिवस वर-खाली दोन आकडे लिहून आपण सांगतो की ही एकच संख्या आहे. तिला मात्र अजून दोनच दिसतात. अशी चार-पाच उत्तरं चुकली की पोरं ठरवून टाकतात, गणित आपल्यासाठी नाही. ही ठरवून टाकायलाच लागली होती.

शाळेत अपूर्णांक बहुतेक भाकरीतून नाहीतर पिझ्झातून येतो. एका भाकरीचे चार भाग, त्यातले तीन घेतले. सुरुवातीला ठीक आहे. पण मग ५/४ म्हणजे काय? चारातले पाच तुकडे कसे घ्यायचे? आणि मुख्य म्हणजे, भाकरीत अपूर्णांक हा कायम 'कशाचा तरी तुकडा' राहतो, त्याला स्वतःची जागा मिळत नाही. संख्यारेषेवर ती मिळते. ३/८ हा तिथे २ किंवा ७ सारखाच एक बिंदू आहे. उजवीकडचा बिंदू मोठा, संपला विषय.

मांडायचं कसं? शून्य ते एक या अंतराचे छेदाइतके समान भाग करा आणि शून्यापासून अंशाइतके भाग चालत जा. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे पोरं भाग मोजण्याऐवजी रेघा मोजतात, शून्याची रेघही 'एक' धरतात आणि सगळं एका घराने चुकतं. दुसरं म्हणजे 'समान' हा शब्द सुटतो. आपल्या मेट्रोच्या डब्यातली स्टेशनांची पट्टी आठवा. ठिपके सारख्या अंतरावर असतात, पण प्रत्यक्षात दापोडी ते बोपोडी म्हणजे मुळा ओलांडली की आलंच, बाकीची अंतरं कमी-जास्त. त्या पट्टीवरून स्टेशनांचा क्रम कळतो, अंतर कळत नाही. संख्यारेषेवर दोन्ही कळायला लागतं.

आता गंमत. भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, दापोडीतच फॅब्रिकेशनचं काम करतात. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. लेकीने वही पुढे केली की त्यांचं ठरलेलं उत्तर, "मामाला विचार, अपूर्णांक माझ्या डोक्यावरून जातात." आणि हे बोलताना कमरेला टेप लटकलेला!

इंची टेप ही जगातली सगळ्यात वापरात असलेली संख्यारेषा असावी, असं माझं मत आहे. एका इंचात आठ सूत. म्हणजे एक सूत १/८ इंच, मिलिमीटरमध्ये ३.१७५. देशात मोजमाप कधीच मेट्रिक झालं, सळई १० मिमीची येते, तरी दुकानात 'तीन सुती'च मागतात. तीन सूत म्हणजे खरं तर ९.५२५ मिमी, पण चालतं. ८ मिमीवाली 'अडीच सुती'. आता अडीच सूत म्हणजे किती? एक सूत १/८, अर्धं सूत १/१६, तर अडीच सूत ५/१६.

म्हणजे माझ्या भाचीचा प्रश्न होता: तीन सूत मोठं की अडीच सूत? हा प्रश्न दाजींना विचारला तर ते माझ्याकडे डोकं फिरल्यासारखं बघतील. शाळा याला समच्छेद करणं म्हणते, ३/८ = ६/१६. टेपवर ते आपोआप होतं. अर्ध्याची रेघ सगळ्यात लांब, पावाची त्याहून आखूड, सुताची आणखी आखूड, अर्ध्या सुताची सगळ्यात छोटी. तिसऱ्या सुताची रेघ हीच अर्ध्या सुतांच्या मोजणीतली सहावी रेघ. दोन नावं, जागा एक. सममूल्य अपूर्णांक म्हणजे एवढंच.

आणि आपली भाषा तर आधीपासूनच संख्यारेषेवर उभी आहे. सव्वादोन म्हणजे दोनच्या पाव पुढे. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. मघाशी भाकरीत अडकलेला ५/४ म्हणजे निव्वळ सव्वा. ७/४ म्हणजे पावणेदोन. जुन्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी पाठांतरं केली (औट म्हणजे साडेतीन). ते पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही, मला स्वतःला बाराचा पाढा आठवायला वेळ लागतो. पण 'पावणे' या शब्दातली नजर, पुढच्या पूर्ण संख्येला किती कमी पडतंय ते बघायची, ती फार कामाची आहे.

कशी, ते बघा. १९७८ साली अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: १२/१३ + ७/८ याचं उत्तर अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. बरोबर उत्तर २, आणि ते फक्त २४ टक्के मुलांनी दिलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे वरचे आकडे जोडले नाहीतर खालचे. भाचीसारखंच, चार सुटे आकडे दिसले, दोन जागा दिसल्या नाहीत. 'पावणे'च्या नजरेने १२/१३ हा एकला जरासा कमी, ७/८ हाही एकला जरासा कमी, बेरीज दोनच्या अलीकडे. झालं. शिवाय त्या दोघांत मोठा कोण? पहिल्याला १/१३ कमी पडतोय, दुसऱ्याला १/८. ज्याला कमी पडतंय ते छोटं, तो एकच्या जवळ. म्हणून १२/१३ मोठा. छेद १०४ करायची गरजच नाही.

तसंच अर्ध्याचं. ३/८ आणि ५/९ यांत? आठाचे निम्मे चार, तीन त्याच्या अलीकडे. नऊचे निम्मे साडेचार, पाच त्याच्या पलीकडे. एक अर्ध्याच्या डावीकडे, एक उजवीकडे.

जाता जाता माझ्या धंद्यातलं. कॉम्प्युटरही अपूर्णांक साधारण टेपसारखेच साठवतो: अर्धा, पाव, १/८, १/१६, असं निम्मं-निम्मं करत. त्यामुळे ३/८ तो अचूक ठेवतो, पण १/१० त्याच्या कुठल्याच रेघेवर बसत नाही. म्हणूनच ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ च्या किंचित पुढे येते आणि नवीन पोरं आमच्याकडे बग म्हणून घेऊन येतात.

१/३ चंही तसंच. टेप काढा आणि शोधा. सोळाचे तीन भाग केले तर पाचव्या छोट्या रेघेच्या थोडं पुढे, सहावीच्या अलीकडे. म्हणजे बरोबर भाचीच्या त्या ५/१६ आणि ३/८ च्या मध्ये कुठेतरी. सुतात बोलायचं तर पावणेतीनला जरासं कमी. अर्ध्या सुताचं अजून अर्धं केलं, त्याचंही अर्धं केलं, तरी रेघ त्याच्या अलीकडे किंवा पलीकडेच पडणार.