नोकरी सोडली, तर सर्टिफिकेट कुणाचं?

शाहूपुरीतल्या एखाद्या नेटवर्किंग फर्ममधला इंजिनिअर पुण्याला निघाला, की मालकाचा जीव वरखाली होतो. कारण सिस्कोसारख्या कंपन्यांचं पार्टनर राहायचं तर ठरावीक सर्टिफाइड माणसं कामाला असावी लागतात. सर्टिफिकेट मात्र परीक्षा देणाऱ्याच्याच नावावर असतं. सीसीएनए 3 वर्षं चालतं, नोकरी कुठेही असो. परीक्षेची फी कंपनीनं भरली म्हणून ते कंपनीचं होत नाही. बाँडवर सही केली असेल, तर पैशांचा प्रश्न येतो. विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये वैध ठरवली. खरी गोची होते ती ईमेलची. परीक्षेचं खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडलं असेल, तर राजीनाम्याआधीच तिथे स्वतःचा ईमेल टाकावा. नंतर पासवर्ड विसरला, तर रीसेटची लिंक त्या बंद मेलवरच जाते.